माळ्यावरची आफ्रिका

माझ्या भावाच्या, एप्पोच्या अंत्यविधीला अकरा माणसं आली होती. कॉफी झाली, केकचा एकेक तुकडा झाला, आणि प्रत्येकाने माझ्याशी हात मिळवून तेच वाक्य म्हटलं, ‘भला माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात.’ मी प्रत्येकाला ‘हो’ म्हटलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी जिवंत माणसांबद्दलही फारसं चांगलं बोललेली नाही, आणि आता सत्तरीत नवं वळण लावून घ्यायची माझी इच्छा नाही.

आम्ही जर्मनीच्या सीमेजवळच्या आपिंगेडाम गावचे. एप्पो पुठ्ठ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं होता, मी वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात. लग्न दोघांचंही झालं नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि एप्पोने कुणाला विचारलं नाही. तो आईबरोबर चौदा नंबरात राहायचा आणि मी शेजारी सोळात. मधली भिंत एकच. तो शिंकला तर मी इकडून ‘देव भलं करो’ म्हणायचे, आणि तो उत्तर द्यायचा नाही.

पंचविशीत तो दोन वर्षं आफ्रिकेत, मलावीत होता, विहिरी खणायला. तिथून येताना लोक लाकडी हत्ती आणतात, मुखवटे आणतात. एप्पोने मक्याच्या सालीत गुंडाळलेलं मूठभर बी आणलं, लोकरी मोज्यात लपवून. गांजाचं बी. सरोवराकाठी न्खोटाकोटा गावाजवळच्या एका टेकडीवर न्खोमा नावाचा म्हातारा शेतकरी होता, त्याने दिलेलं. त्याच्या घरात आजा-पणजापासून तेच बी त्याच टेकडीवर पेरत आले होते. एप्पो आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल बोलला, पण त्या म्हाताऱ्याबद्दल बोलायचा. ‘न्खोमाबाबा म्हणायचे, बी डब्यात ठेवू नको, मातीत ठेव,’ असं तो म्हणायचा, आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आईच्या वाढदिवसालाही कधी आलं नाही.

आमच्याकडे गांजा लावणं म्हणजे काही मोठी मर्दुमकी नाही. पाच रोपांपर्यंत पोलीस काणाडोळा करतात. घरात दिवे लावून वाढवला तर मात्र बोलणी खावी लागतात, कधी घरही जातं. पण आमच्या गल्लीत तोंड कोण उघडणार? समोरचा रूल्फ एप्पोबरोबर कारखान्यातच होता, त्याच्या न्हाणीघराच्या मागे स्वतःची पाच रोपं होती. हल्लीची बुटकी जात, आठ आठवड्यांत तयार. एप्पोची आफ्रिकी रोपं अठरा आठवडे घ्यायची.

‘अरे एप्पो,’ रूल्फ म्हणायचा, ‘तेवढ्यात माझी दोन पिकं निघतात आणि मधे सासू येऊन राहून जाते. काय पूजा करतोस का त्या झाडांची?’

‘तुझ्या त्या झुडपांना झाड म्हणत असशील तर बोलणंच खुंटलं,’ एप्पो म्हणायचा.

‘आणि धूर तोच ना शेवटी?’

‘तुला तोच वाटतो. तू तर कॉफी म्हणून बटाट्याचं पाणी दिलं तरी पिशील.’

एवढ्या लांब गप्पा तो फक्त त्या झाडांवरून मारायचा.

ती झाडं ऊन मागायची, आणि आमच्याकडे ऊन कुठलं? ऑक्टोबर ते एप्रिल करड्या आभाळाखाली वारा, समुद्रावरून येणारा, हाडात शिरणारा. म्हणून एप्पोने माळ्यावर आफ्रिका केली. छताला आतून जाड बुचाचे तक्ते लावले, वर बर्फ पडला तर तो वितळू नये म्हणून. ज्याच्या छतावरचा बर्फ वितळतो त्याच्या माळ्यावर काय आहे ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कुंड्या जमिनीचा गारठा लागू नये म्हणून थर्मोकोलवर ठेवल्या. झाडं छताला टेकायची म्हणून फांद्या वाकवून, दोऱ्यांनी वाशांना बांधून आडव्या नेल्या. रात्री वीज स्वस्त, म्हणून दिवे संध्याकाळी सातला लागायचे आणि सकाळी सातला विझायचे. म्हणजे आमचा दिवस ती त्यांची रात्र. त्यांच्या रात्रीत उजेडाची चीरही आत जाता कामा नये, नाहीतर ही जात बिथरते, फुलायचंच थांबते. म्हणून दिवसा माळ्याचं झाकण घट्ट बंद. झाकणाच्या कडेला त्याने काळं कापड ठोकलं होतं. पाणी शेगडीवर कोमट करून वर न्यायचं, थंड पाण्याने मुळं आखडतात म्हणून.

झाडांना कोमट पाणी, आणि खाली आईला गार सूप.

हे मी कडवटपणाने म्हणते असं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय. माळ्याच्या दिव्यांचा खर्च निघावा म्हणून एप्पोने खालचं घर गरम ठेवणारा गॅस पंधरा अंशांवर बांधून ठेवला होता. वर सव्वीस. आई ऐंशीच्या पुढे गेलेली, अंगावर दोन स्वेटर, त्यावर वडिलांचा कोट, आणि तरी बोटं निळी.

‘एप्पो, थोडं वाढव रे,’ ती म्हणायची.

‘अजून एक स्वेटर घाल.’

‘घातला. आता हात वर होत नाहीत.’

‘मग खाली ठेव.’

एका सप्टेंबरात बी रुजत नव्हतं, त्याला खालून ऊब हवी होती. एप्पोने आईच्या गादीवरची विजेवर तापणारी चादर काढून वर नेली. मी भांडले. तो म्हणाला, ‘तीनच आठवडे.’ आई म्हणाली, ‘जाऊ दे फेन्ना, पोराचा एक नाद आहे.’ पोरगा तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता.

मग आईनेच युक्ती काढली. दिवे लागले की ती शिडी चढून माळ्यावर जायला लागली. एक तिपाई, लोकरीचं विणकाम, आणि दिव्यांचा झगमगाट सोसत नाही म्हणून काळा चष्मा. आमची म्हातारी, जी उभ्या जन्मात जर्मनीच्या पलीकडे गेली नाही, ती रोज संध्याकाळी आफ्रिकेत बसून मोजे विणायची. बोटं गुलाबी व्हायची. ‘वर फार छान आहे गं,’ ती मला सांगायची, ‘गाजर किसल्यासारखा वास येतो.’ एप्पो कुरकुरला, पण तिला हाकललं नाही. तेवढं श्रेय मी त्याला देते, आणि एवढंच देते.

मार्चमधली सकाळ होती. आई वरच बसल्या बसल्या झोपून गेली असावी. सातला दिवे विझले. ती अंधारात जागी झाली, चाचपडत झाकण उघडलं, आणि पहिल्याच पायरीवर पाय चुकला. भिंतीपलीकडून मी धप्प आवाज ऐकला. किल्ली माझ्याकडे असायचीच. मी धावत गेले. आई शिडीच्या पायथ्याशी पडली होती, एक पाय विचित्र वळलेला, काळा चष्मा अजून नाकावर. शुद्धीवर होती. कण्हत होती.

एप्पो झोपेच्या कपड्यांत खोलीतून बाहेर आला. त्याने आईकडे पाहिलं, वर पाहिलं. शिडीजवळच्या खिडकीतून सकाळचा उजेड सरळ माळ्याच्या भोकात जात होता. तो आईला ओलांडून शिडीवर चढला आणि झाकण लावलं. काळं कापड नीट दाबून बसवलं. मग खाली उतरला आणि तिच्याजवळ बसला.

किती वेळ गेला असेल? अर्धं मिनिट. रुग्णवाहिकेला त्याने काही फरक पडला नसता, हे मलाही कळतं. आई नवव्या दिवशी दवाखान्यातच वारली, न्यूमोनियाने. तो झाकण लावत होता तेव्हा मी दाराच्या कोपऱ्यात उभी होते, आणि त्याला मी दिसले नाही. मी कधी बोलले नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. आमच्या भागात एखाद्याला स्वर्ग दाखवला तरी तो ‘याहून वाईट असू शकलं असतं’ म्हणतो, आणि नरक दाखवला तरी तेच म्हणतो.

त्या वर्षी एप्पोने झाडं कापली आणि पुन्हा काही लावलं नाही. दिवे गुंडाळून ठेवले, उरलेलं बी फिल्मच्या डबीत घालून फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे ठेवलं. आईची कटकट तर आता सुंठेवाचून खोकला गेल्यासारखी गेली, मग हे कशाला बंद केलं, असं मी मनात म्हटलं. विचारलं नाही. दर रविवारी दहा वाजता मी त्याच्याकडे जायचे. एक कप कॉफी, एक बिस्किट, मग डब्याचं झाकण बंद. हवेबद्दल बोलायचो. दहा वर्षं अशी गेली.

मग गॅसवाल्यांनी जमिनीखालून इतका गॅस उपसला होता की भूकंप व्हायला लागले, भिंतींना भेगा गेल्या, आणि आमची अख्खी ओळ पाडून नवी बांधायचं ठरलं. मार्चअखेर घरं रिकामी करायची होती. दोन वर्षं दुसरीकडे, तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्यांत. त्याच्या आधीच्या सप्टेंबरात मला भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला. शिडी ओढल्याचा.

‘लावतोयस?’ मी रविवारी विचारलं.

‘थोडं.’

‘आता? घर पाडायच्या तोंडावर?’

‘तोपर्यंत होईल.’

बिस्किटांचा डबा बंद झाला.

खरी गोष्ट मला रूल्फने सांगितली, बाजारात, मासेवाल्याच्या गाडीपुढे उभा राहून हेरिंग खाताना. ‘अकरा दाणे उरले होते डबीत,’ तो म्हणाला, ‘चार रुजले. ते एवढंच आहे बघ, फेन्ना. तिकडे आता त्या बियाचं मूळ राहिलं नाही म्हणे, सगळं विकतच्या बियाशी मिसळलंय. एप्पोला पुन्हा बी धरायचंय. चारात एक तरी नर निघायला हवा. नर नाही तर बी नाही, आणि बी नाही तर संपलं.’

‘पुढच्या वर्षी लावेल.’

‘कुठे? पत्र्याच्या खोलीत? आणि कशातून? अकराही दाणे तर मातीत गेले. कलमं ठेवायलाही छप्पर नाही. हा शेवटचा हिवाळा. नराची प्रार्थना कर, बाई. जगात पहिल्यांदाच कुणी गांजाचा नर मागत असेल.’ आणि तो कांद्याचे तुकडे सांडत हसला.

त्याचा विनोद समजायला एक गोष्ट सांगायला हवी. गांजा लावणाऱ्याला नर म्हणजे शत्रू. ओढायची ती मादीची फुलं. नराने एकदा परागाची धूळ सोडली की सगळ्या माद्या बियांनी भरतात आणि माल वाया जातो. म्हणून फांदीच्या बेचक्यात बारीक द्राक्षांसारख्या गोळ्या दिसल्या की ते झाड उपटायचं. एप्पो कारखान्यात रात्रपाळीला असायचा तेव्हा पाणी मी घालायचे, आणि पहिल्याच वर्षी त्याने मला शिकवलं होतं, ‘गोळ्या दिसल्या की उपट. मला विचारायचं नाही, थांबायचं नाही.’ वीस वर्षांत मी कितीतरी उपटले. ज्या वर्षी बी हवं असायचं तेव्हा तो स्वतः बघायचा, नर वेगळा ठेवायचा, मला त्यात घ्यायचा नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी एप्पोचा खुबा बदलायचा निघाला. दोन वर्षं यादीत नाव होतं, आणि फोन आला तो नेमका तेव्हा. तो नाही म्हणणार होता, पण नाही म्हटलं असतं तर पुन्हा दोन वर्षं. त्या वेळी झाडं फुलायला नुकती लागली होती, नर कोण आणि मादी कोण ते अजून कळत नव्हतं. त्याने मला कागदावर लिहून दिलं: कोमट पाणी एक दिवसाआड. दिवसा झाकण उघडायचं नाही. पंखा चालू ठेवायचा. बस्. नराबद्दल अक्षर नाही. एप्पो असाच. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच्या तोंडून निघायला दगडाला पाझर फुटावा लागे.

आठव्या दिवशी त्याचा दवाखान्यातून फोन आला. शेजारच्या खाटेवर कुणी निवृत्त पोलीस होता, म्हणून तो जपून बोलत होता.

‘चौघी कशा आहेत?’

‘बऱ्या आहेत.’

‘कुणी... वेगळं वागतंय का?’

‘अजून तरी नाही.’

‘बाकी तुला माहीतच आहे,’ तो म्हणाला.

मागून पोलीस विचारत होता, ‘नाती का तुझ्या?’ आणि एप्पो म्हणाला, ‘मांजरं.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाणी घेऊन वर गेले. दिवे नुकतेच लागले होते. खिळ्यावर आईचा काळा चष्मा अजून लटकत होता, तो मी लावला. खाली तिची तिपाई. मी बसले. दहा मिनिटांत गुडघ्यांना ऊब लागली, आणि गुडघ्यांतून वर चढत गेली. गाजराचा वास येत होता. मला एकदम कळलं की आई इथे किती सुखात बसत असेल, आणि खाली तिला किती हुडहुडी भरत असेल. बाहेर गार पाऊस होता. इतका राग मला आईच्या प्रेताजवळही आला नव्हता. त्या चार झाडांचा लाड बघून माझे दात करकरले.

आणि तेव्हा मला गोळ्या दिसल्या. कोपऱ्यातल्या झाडावर, तिसऱ्या बेचक्यात. पाच-सहा, हिरव्या, घट्ट मिटलेल्या. बाकी तिघींवर पांढरे केस आले होते. म्हणजे तीन माद्या आणि एक नर. रूल्फची प्रार्थना ऐकली गेली होती.

मी बुंध्याला धरलं आणि ओढलं. मुळं जुनं कापड फाटावं तशी सुटली. झाडाचे कात्रीने तुकडे केले, पिशवीत भरले, आणि खाली नेऊन ओल्या कचऱ्याच्या डब्यात बटाट्याच्या सालांखाली घातले. मी विसरले नव्हते, गोंधळले नव्हते. वीस वर्षांची सवय होती हे खरं, पण हात सवयीने हलला असेल, डोकं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग मी वाटाण्याचं सूप गरम केलं आणि दोन वाट्या प्यायले.

पाच डिसेंबरच्या संत निकोलासच्या सणाला मी दवाखान्यात त्याच्यासाठी, रिवाजाप्रमाणे, त्याच्या नावाचं चॉकलेटचं पहिलं अक्षर, ‘ए’, घेऊन गेले. ‘याहून वाईट असू शकलं असतं,’ तो म्हणाला आणि त्याने मलाही एक तुकडा दिला.

तो घरी आला तो चाकांच्या वॉकरवर, पांढराफटक. शिडी चढायला सहा आठवडे बंदी. खुर्चीत बसायच्या आधी त्याने विचारलं,

‘कोण काय निघालं?’

‘तीन माद्या. एक नर होता.’

‘होता?’

‘उपटला. गोळ्या दिसल्या की उपट, विचारायचं नाही. तूच शिकवलंस ना?’

 तो वॉकरच्या दोन्ही मुठी धरून उभा राहिला, मग शिडीच्या खालच्या पायरीवर हळूच टेकला, जिथे आई पडली होती बरोबर तिथे. मी आरडाओरड्याची वाट बघत होते. मला ती हवी होती. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते, दहा वर्षांचं सगळं काढलं असतं, आणि मग कदाचित आम्ही दोघं काहीतरी बोललो असतो.

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. आमच्या घरात वाढदिवस सोडून कुणी कुणाला हात लावत नाही.

‘बरोबर केलंस,’ तो म्हणाला. ‘मीच शिकवलं होतं. सांगायला हवं होतं मी. तुझा काही दोष नाही, फेन्ना. मी कधी काही सांगतच नाही.’

मी म्हटलं, ‘कॉफी टाकते.’

रूल्फ दुसऱ्या दिवशी आला. एप्पो झोपला होता. रूल्फने टोपी काढली नाही, स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला.

‘मी तुला सांगितलं होतं. मासेवाल्याच्या गाडीपाशी.’

‘सांगितलं होतंस.’

‘शब्दन्‌शब्द सांगितलं होतं.’

‘हो.’

‘मग?’

‘साखर एक की दोन?’

त्याने कॉफी घेतली नाही. पण एप्पोला बोललाही नाही. आमच्याकडे लोक दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाहीत. त्यालाच आम्ही भलेपणा म्हणतो, आणि त्या दिवशी तो माझ्या कामी आला. त्यानंतर रूल्फ मला रस्त्यात दिसला की दुकानाच्या काचेत बघत उभा राहायचा, भले ते दुकान बायकांच्या अंतर्वस्त्रांचं का असेना.

मला वाटलं, आता संपलं. पण एप्पोने आशा सोडली नाही. ‘एखादी गोळी आधी उघडली असेल,’ तो म्हणायचा. ‘एक जरी उघडली असेल तरी पुष्कळ. धूळ डोळ्यांना दिसत नाही.’ मला माहीत होतं, एकही उघडली नव्हती. मी निरखून पाहिली होती. हे मी त्याला एका वाक्यात सांगू शकले असते. सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात, डॉक्टरांची बंदी धुडकावून, तो नव्या खुब्यावर शिडी चढला. एकेक पायरी, दोन्ही हातांनी, ओठ चावत. वर तास-दीड तास भिंग घेऊन एकेक फूल तपासायचा. रोज. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मी भिंतीपलीकडून शिडीचा आवाज ऐकायचे आणि मोजायचे: वर चढायला अकरा पायऱ्या, उतरायला अकरा. या काळात तो खंगला. जेवायला बसला की काटा हातातच राहायचा. गॅस मात्र त्याने वीसवर लावला होता, का कोण जाणे. खालचं घर पहिल्यांदाच उबदार होतं, आणि त्यात बसायला आई नव्हती.

फेब्रुवारीत एकदा त्याने भिंतीवर ठोकलं. ‘फेन्ना! ये! ये लवकर!’ मी गेले. तो वाकून झाकणातून खाली बघत होता, चेहरा लहान मुलासारखा लाल. ‘एक फुगलंय. वर ये, बघ.’ मी चढले. त्याने चिमटीत ते बोंड धरलं, नखाने सोललं, भिंगाखाली धरलं. आत पांढरं, चपटं, पोकळ टरफल होतं. त्याने ते फुंकरीने उडवलं.

‘पोकळ,’ तो म्हणाला. ‘होतं असं कधी कधी.’

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने झाडं कापली. अठरा आठवडे केव्हाच उलटले होते, दाण्याच्या आशेने त्याने ती ठेवली होती. फुलं म्हणे अशी कधी आली नव्हती, लांब, चांदीसारखी. एकही दाणा नाही. कुठल्याही गांजावाल्याने अशा पिकासाठी हात जोडले असते. एप्पोने सगळं रूल्फला देऊन टाकलं.

त्या रविवारी मी गेले तेव्हा घरभर खोकी होती. कॉफी झाली, एक बिस्किट झालं. डब्याचं झाकण उघडंच राहिलं. एप्पोने खिशातून एक विमानडाकेचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ‘तुझं अक्षर चांगलं आहे,’ तो म्हणाला. ‘माझा हात कापतो. उत्तर लिहायचंय.’

पत्र मागच्या उन्हाळ्यातलं होतं, योहाने न्खोमाचं. म्हाताऱ्याचा मुलगा. एप्पो तिथे होता तेव्हा सहा वर्षांचा, विहिरीची माती डोक्यावरून वाहायचा. लिहिलं होतं: बाबा वारले. टेकडीवर आता पाकिटातलं बी पेरतात, आमचं जुनं बी मिसळून गेलं, मी सगळीकडे विचारलं, कुणाकडे नाही. बाबा शेवटी म्हणाले, तो विहिरीवाला गोरा पोरगा घेऊन गेलाय, त्याने जपलं असेल, त्याला विचार. दहा दाणे असले तरी पाठवा. मला पुन्हा सुरुवात करता येईल.

मी ते दोनदा वाचलं. मी त्या माणसाला ओळखत नव्हते. त्याने माझ्या आईचं काही केलं नव्हतं.

‘हे तू मला का सांगितलं नाहीस?’ मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

‘दाणे हातात आल्यावर सांगणार होतो.’ तो खिडकीबाहेर बघत होता. ‘डबीत ठेवायलाच नको होतं. बाबा म्हणायचे, मातीत ठेव. पण आई गेल्यावर दहा वर्षं मला त्या शिडीवर चढवलं नाही. पाय टाकला की ती खाली पडलेली दिसायची.’ मग कप बाजूला सारून म्हणाला, ‘त्या दिवशी मी आधी झाकण लावलं, फेन्ना. ती कण्हत होती आणि मी आधी झाकण लावलं. तू आलीस तेव्हा ते पाहिलंस की नाही, हे मला कधी विचारवलं नाही.’

‘पाहिलं,’ मी म्हटलं.

त्याने मान वळवली. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, आणि हातांकडेच बघत राहिला. त्याला काय कळलं आणि काय नाही ते मला ठाऊक नाही. तीन महिन्यांनी तो गेला, तोवर आम्ही आणखी बारा रविवार कॉफी प्यायलो, पण त्याने तो विषय काढला नाही आणि मीही नाही.

मी पेन उघडलं. ‘काय कारण लिहू?’

एप्पोने बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. दुसरं बिस्किट घे, अशी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच खूण केली.

‘लिही,’ तो म्हणाला, ‘आमच्याकडे थंडी फार असते.’

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.